खाणीआधीचे चर

इंग्लंडमध्ये शेतजमिनीवर वाळू-गोट्यांची खाण वाढवायची असेल, तर खाणवाल्याच्या पोकलेनआधी पुरातत्त्वाची पोकलेन शेतात शिरते. ती ठरावीक आराखड्याप्रमाणे शेतभर ३० ते ५० मीटर लांबीचे आणि जेमतेम दोन मीटर रुंदीचे चर उघडते. चरांच्या तळाशी काय दिसते ते पुरातत्त्वज्ञ मोजतात, नोंदवतात, थोडे खणून पाहतात, आणि काही आठवड्यांत चर पुन्हा बुजवले जातात. हे चाचणी चर म्हणजे उत्खनन नव्हे. जमिनीखाली काही आहे का, असल्यास कोणत्या काळाचे, किती शाबूत आणि किती मोलाचे, एवढेच त्यांनी सांगायचे असते. आणि तेही खाणीच्या परवानगीचा निर्णय होण्याआधी. आज ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यामागे शंभर वर्षांची ओढाताण आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या ओढाताणीचे मूळ जमिनीतच आहे. टेम्स, ट्रेंट, नेन, ग्रेट ऊझ अशा नद्यांच्या काठाने हिमयुगात वाहून आलेल्या वाळूचे आणि गोट्यांचे सपाट थर पसरलेले आहेत. त्यांच्यावरची माती हलकी असते, पाण्याचा निचरा लवकर होतो, नांगर सहज चालतो आणि नदी हाकेच्या अंतरावर असते. इ.स.पू. ४०००च्या सुमारास ब्रिटनमध्ये शेती आली. तेव्हापासून नवाश्मयुगीन, कांस्ययुगीन, लोहयुगीन, रोमन आणि सॅक्सन अशा एकामागून एक पिढ्यांनी हीच जमीन पसंत केली. विसाव्या शतकात काँक्रीटला वाळू आणि गोटे हवे झाले, तेही याच थरांत मिळाले. पुरातन शेतकरी आणि आधुनिक खाणवाला यांची निवड एकच ठरली.

भर म्हणजे या जुन्या वस्त्या वरून दिसत नाहीत. महाराष्ट्रात गोदावरी-भीमेच्या खोऱ्यांत जुने गाव बहुधा पांढरीच्या टेकाडाच्या रूपाने उभे असते. मातीच्या भिंती पडत गेल्या, त्यांवरच नवी घरे उठली आणि शतकानुशतके थर साठत गेले. नेवासे किंवा इनामगाव येथे पुरातत्त्वज्ञाला निदान कोठे खणायचे हे टेकाडच सांगते. इंग्लंडच्या नदीकाठी घरे लाकडाची आणि गवताने शाकारलेली. वस्ती दोन-चार पिढ्यांनी शेजारच्या शेतात सरके आणि जुनी जागा नांगराखाली जाई. लाकूड कुजले, मातीचे बांध सपाट झाले. उरले ते फक्त जमिनीत खोदलेले भाग: शेताभोवतीचे खंदक, धान्य साठवायचे व कचरा टाकायचे खड्डे, खांबांचे खळगे, थडगी. ते सावकाश वरच्या काळसर मातीने भरले. पिवळसर वाळूत उठून दिसणारे काळे डाग हेच तिथले पुरावे, आणि त्यांवर हातभर नांगरटीची माती.

हे डाग पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले ते आकाशातून. बुजलेल्या खंदकात माती खोल असते आणि ओल टिकते. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात भोवतालचे जव पिवळे पडले तरी खंदकावरची रांग काही दिवस हिरवी व उंच राहते. वरून पाहिले तर अख्खा जुना आराखडा पिकात उमटलेला दिसतो. ओ. जी. एस. क्रॉफर्ड १९२० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याचे पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. हवाई छायाचित्रांना पुरातत्त्वाचे साधन म्हणून त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३०च्या दशकात मेजर जी. डब्ल्यू. जी. ॲलन यांनी स्वतःच्या विमानातून ऑक्सफर्डच्या आसपासची गोट्यांची मैदाने टिपली, तर महायुद्धानंतर केंब्रिज विद्यापीठाच्या जे. के. सेंट जोसेफ यांनी ते काम देशभर नेले. रिकामी म्हणून समजली गेलेली शेते प्रत्यक्षात गच्च भरलेली आहेत, हे या छायाचित्रांनी दाखवले. मात्र तोवर त्यांतली कित्येक शेते खाणींच्या ताब्यात गेली होती.

खाणीत पुरातत्त्व करण्याची सुरुवात मागाहून धावण्याने झाली. ऑक्सफर्डजवळ सटन कोर्टनी येथे गोटे उपसताना उघड्या पडलेल्या जागा ॲशमोलियन संग्रहालयाचे ई. टी. लीड्स १९२१पासून तपासत होते. खाणीच्या कामगारांच्या पुढे-मागे राहून त्यांनी तेथे आरंभीच्या सॅक्सन काळातली घरे ओळखली. सॅक्सन लोक तोवर त्यांच्या थडग्यांवरूनच माहीत होते. त्यांची राहती घरे इंग्लंडमध्ये अशी ओळखली जाण्याची ही पहिली वेळ होती, आणि ती संधी खाणीने दिली. या विरोधाभासातून हा विषय आजवर सुटलेला नाही: खाण जे नष्ट करते ते खाणीशिवाय दिसलेही नसते.

दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्यांसाठी घाईने जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा सरकारने प्रथमच आधी खणण्यासाठी माणसे पाठवली. डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी १९४० मध्ये स्टॅन्टन हारकोर्ट येथे ‘डेव्हिल्स क्वॉइट्स’ या उभ्या शिळांच्या वर्तुळाचा तपास केला, तर १९४४ मध्ये हीथ्रो येथे लोहयुगीन वस्ती आणि तिच्यातले देवस्थान उघडले. स्टॅन्टन हारकोर्टच्या विमानतळामागून तेथे गोट्यांची खाण आली. खाणकाम आणि नंतर खड्डे भरून काढण्याचे काम संपल्यावर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ते शिळावर्तुळ मूळ जागी पुन्हा उभे करण्यात आले.

युद्धोत्तर घरबांधणी आणि १९५०च्या दशकाअखेर सुरू झालेले मोटरवे यांनी गोट्यांची मागणी भडकली. १९६० मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या शाही आयोगाने ‘अ मॅटर ऑफ टाइम’ ही पुस्तिका काढली. नदीकाठच्या गोट्यांच्या पट्ट्यांवर किती स्थळे आहेत आणि ती किती वेगाने जात आहेत, याचे नकाशांसह चित्र तिने मांडले. पण नकाशा काढल्याने खाण थांबत नाही. एसेक्समधल्या मकिंग येथे मार्गारेट जोन्स आणि त्यांचे पती टॉम यांनी १९६५ ते १९७८ अशी तेरा वर्षे, उन्हाळा-हिवाळा न पाहता, खाणीच्या पुढे पुढे उत्खनन केले. नवाश्मयुगापासून सॅक्सन काळापर्यंतचे अवशेष तेथे निघाले. जमिनीत अर्धवट खोदलेल्या सॅक्सन झोपड्याच दोनशेवर होत्या. परिणाम थक्क करणारा, पण किंमतही तशीच. खणलेल्याचा हिशेब लावून छापता छापता पुढची चार दशके गेली. मकिंगला चाचणीची पायरी नव्हती. होता तो हवाई फोटो, आणि खाण येईल तिकडे धाव.

या धावपळीला कंटाळलेल्या पुरातत्त्वज्ञांनी १९७१ मध्ये ‘रेस्क्यू’ ही संघटना स्थापन केली. तिच्या दबावाने सरकारी पैसा वाढला आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत पुरातत्त्व पथके उभी राहिली. तरी मूळ दोष तसाच राहिला. परवानगी आधी दिली जाई आणि पुरातत्त्वाची आठवण नंतर होई. पैसा करदात्याचा, नफा खाणमालकाचा. १९८९ मध्ये लंडनमध्ये एका इमारतीच्या पायाखाली शेक्सपिअरकालीन रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि काम अडले. नट-नट्या रस्त्यावर उतरल्या आणि सरकारची पुरती नाचक्की झाली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नियोजन मार्गदर्शिका क्रमांक १६ निघाली.

या छोट्या मार्गदर्शिकेने इंग्लंडचे पुरातत्त्व उलटेपालटे केले. तिचे म्हणणे साधे होते. जमिनीखालचा वारसा हाही नियोजनाचा विषय आहे. शक्य तेथे तो जागच्या जागी राखावा. राखता येत नसेल तर नष्ट होण्याआधी त्याची पूर्ण नोंद करावी. आणि या सगळ्याचा खर्च जमीन खोदणाऱ्याने सोसावा. पण तिचे खरे बळ आणखी एका वाक्यात होते. जागेत महत्त्वाचे अवशेष असण्याची शक्यता असेल, तर निर्णयाआधी अर्जदाराकडून प्रत्यक्ष शेतावरची तपासणी मागवणे रास्त आहे, असे तिने सांगितले. त्या एका वाक्याने चाचणी चरांना कायमचे काम मिळाले. २०१० मध्ये ही मार्गदर्शिका बदलली, २०१२ पासून राष्ट्रीय नियोजन धोरण चौकट लागू झाली. हे तत्त्व मात्र दोन्ही वेळा टिकले.

आता क्रम असा असतो. खाणीची परवानगी बहुधा काउंटी कौन्सिल देते. तिचा पुरातत्त्व सल्लागार काय तपासायचे ते ठरवतो. खाणकंपनी निविदा मागवून एखादे पुरातत्त्व पथक नेमते. पथक कामाचा लेखी आराखडा देते आणि तो मंजूर झाल्याशिवाय शेतात कुदळ पडत नाही. पहिली पायरी कागदांची असते. त्यात पूर्वी सापडलेल्या वस्तूंची काउंटीची नोंदवही, १८४०च्या दशकातले धर्मकराचे नकाशे आणि हवाई फोटो चाळले जातात. अलीकडे विमानातून केलेले लेसर मोजमापही पाहतात. नांगरलेल्या शेतात रांगेने चालून खापरे व गारगोट्यांची हत्यारे वेचतात. मग चुंबकमापक यंत्र घेऊन शेत पालथे घालतात. जळालेली किंवा सेंद्रिय माती भरलेले खंदक आणि भट्ट्या त्या यंत्राला कळतात. पण नदीच्या गाळाखाली काय दडले आहे किंवा एखादा खांबाचा खळगा कोठे आहे, हे त्याला सहसा कळत नाही. म्हणून शेवटी चर.

किती चर? दहा हेक्टरांचे शेत आणि चार टक्के नमुना असे धरले, तर चार हजार चौरस मीटर जमीन उघडावी लागते, म्हणजे ५० मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असे चाळीस चर. काही चर यंत्राने दाखवलेल्या संशयित जागांवर आडवे टाकतात, काही मुद्दाम रिकाम्या दिसणाऱ्या भागात. सगळे एकाच दिशेला ठेवत नाहीत, कारण चराला समांतर धावणारा खंदक दोन चरांच्या मधून निसटून जाऊ शकतो.

काम बहुधा पीक काढल्यावर होते; उभ्या पिकात करावे लागले तर शेतकऱ्याला भरपाई मिळते. पोकलेनला दात नसलेली रुंद बकेट लावतात, कारण दातांनी मातीवर ओरखडे उठतात आणि डागांच्या कडा मोडतात. यंत्राच्या तोंडापाशी एक पुरातत्त्वज्ञ सतत उभा असतो. चालक एका वेळी बोटा-दोन बोटांचा पापुद्रा सोलतो, आणि खालच्या मातीचा रंग बदलला की पुरातत्त्वज्ञ हात वर करतो. चांगला चालक ही खूण होण्याआधीच थांबतो. अशा चालकांना पथके जिवापाड जपतात. नांगरटीची माती चराच्या एका बाजूला, तिच्याखालची दुसऱ्या बाजूला. बुजवताना त्याच क्रमाने परत, नाही तर शेतकऱ्याचे पुढचे पीक बसते. पिवळा थर उघडा पडला की थापीने तळ खरवडतात. डाग ओले असतानाच नीट दिसतात. उन्हाने वाळले की सगळे एकरंगी होते, म्हणून कडा तेव्हाच खुणावून घ्याव्या लागतात. खंदकाचा मीटरभराचा तुकडा आडवा कापतात, खड्डा अर्धाच खणतात. उरलेला अर्धा उभ्या छेदात दिसावा म्हणून. प्रत्येक थराला क्रमांक, छेदाचे मापात चित्र, फोटो, आणि साधारण चाळीस लिटर मातीचा नमुना. ती माती पाण्यात घुसळली की जळालेले गहू-जव वर तरंगतात. माणसाचा सांगाडा दिसला तर मात्र बहुतेक वेळा तो मोजून झाकून ठेवतात. परवान्याशिवाय तो उचलता येत नाही, आणि चाचणीत उचलण्याची गरजही नसते.

छेद वाचण्याची ही शिस्त मोठ्या प्रमाणात मॉर्टिमर व्हीलर यांची. १९३४ ते १९३७ या काळात डॉर्सेटमधल्या मेडन कासल येथे त्यांनी ती घडवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा उभी करणारे ह. धी. सांकलिया विद्यार्थिदशेत त्याच उत्खननावर शिकले, आणि व्हीलर स्वतः १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. म्हणजे छेद कसा वाचावा हे दख्खनच्या आणि टेम्सकाठच्या पुरातत्त्वज्ञांनी एकाच शाळेत शिकलेले आहे. उपयोग मात्र वेगळा झाला. दख्खनमधला चाचणी चर टेकाडाच्या पोटात खोल उतरून थरांचा क्रम सांगतो; इंग्लंडच्या शेतातला उथळ राहून पसारा सांगतो. आणि खाणमालकाने स्वतःच्या खर्चाने आधी असे चर घेऊन दाखवावेत, असा सर्वसाधारण नियम भारतात नाही. येथला कायदा अधिसूचित स्मारकांच्या भोवती मीटरांच्या हद्दी आखतो. हद्दीबाहेरचे पांढरीचे टेकाड मुरमाबरोबर ट्रकमध्ये भरले गेले तर ते बहुधा नंतरच कळते.

चरांच्या मर्यादा इंग्लंडमध्ये लपवल्या गेल्या नाहीत. गिल हे आणि मार्क लेसी यांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्ण उत्खनन झालेल्या स्थळांच्या नकाशांवर त्यांनी निरनिराळ्या रचनांचे काल्पनिक चर टाकले आणि काय सापडले असते, काय सुटले असते ते तपासले. सगळ्या पद्धतींत चरच सर्वांत भरवशाचे ठरले, पण दोन टक्क्यांचा नमुना तोकडा पडला. लोहयुगीन आणि रोमन वस्त्या लांबलचक खंदकांनी वेढलेल्या असतात, त्यामुळे त्या सहज गवसतात. नवाश्मयुगीन, कांस्ययुगीन आणि सॅक्सन अवशेष चार खड्डे, दहा खळगे, एखादे थडगे असे विखुरलेले असतात. दोन चरांच्या मधल्या जमिनीत ते आरामात लपतात. ‘चर रिकामे निघाले’ आणि ‘शेत रिकामे आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत, आणि घाईत लिहिलेल्या अहवालांत नेमकी हीच गल्लत होते.

म्हणूनच परवानगीनंतरचे काम महत्त्वाचे. चरांच्या निकालावरून काही भाग खाणीतून कायमचा वगळला जातो, काही ठिकाणी पूर्ण उत्खनन होते, काही ठिकाणी वरची माती सोलून सगळा आराखडा नकाशावर घेतात आणि निवडक जागा खणतात. खाण वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने सरकत असल्याने पुरातत्त्वज्ञांना एकसलग मोठे क्षेत्र पाहायला मिळते. शहरातल्या एखाद्या इमारतीच्या पायात ते कधीच मिळत नाही. हीथ्रोजवळच्या हॉर्टन येथे किंग्समीड खाणीत २००३ पासून दशकभर असे काम चालले. त्यात इ.स.पू. चौथ्या सहस्रकातली किमान चार आयताकृती घरे निघाली. एरवी इतकी जुनी घरे इंग्लंडमध्ये विरळा. तेथेच चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेली एक प्रौढ स्त्री मिळाली. गळ्यात बारीक सोन्याचे मणी, कपड्यांवर अंबरची बटणे. दोन मीटर रुंदीच्या चराला असे एकटे थडगे लागले असते तर तो योगायोगच.

पीटरबरोजवळची मस्ट फार्म ही खाण विटांच्या मातीची. तेथे १९९९ मध्ये खाणीच्या कडेला जुने लाकडी खांब दिसले; २००४ आणि २००६ मध्ये चाचणी उत्खनन झाले. गाळाचे जाड थर वर असल्याने हवाई फोटोंत या जागेचा मागमूस नव्हता. २०११ मध्ये त्याच खाणीतल्या बुजलेल्या नदीपात्रात नऊ लाकडी होड्या मिळाल्या. २०१५-१६ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड आणि खाणमालक फोरटेरा यांनी मिळून दिलेल्या ११ लाख पौंडांतून वस्ती उघडली गेली. नदीवर खांबांवर उभारलेली ही घरे इ.स.पू. ८५०च्या सुमारास, बांधल्यापासून वर्षभराच्या आतच जळून पाण्यात कोसळली होती. चिखलात हवा न पोचल्याने कापड, सुताच्या गुंड्या, लाकडी भांडी, एका वाडग्यात तर शिजवलेले अन्नही टिकले. अंतिम अहवाल २०२४ मध्ये आला.

या व्यवस्थेची दुखणीही कमी नाहीत. निविदांच्या स्पर्धेत दर पडतात, आणि थंडी-पावसात चरात वाकून काम करणाऱ्या माणसांचा पगार बेताचाच राहतो. सापडलेली वस्तू, ती कायद्याने ‘खजिना’ ठरत नसेल तर, जमीनमालकाची असते. त्याने लिहून दिल्याशिवाय ती संग्रहालयात जात नाही. ती जाण्याआधी संग्रहालयात जागा असावी लागते, आणि कित्येक संग्रहालयांची कोठारे भरलेली आहेत. खापरांच्या पेट्या पथकांच्या गोदामांत वर्षानुवर्षे पडून राहतात. गोट्यांवर २००२ मध्ये टनामागे १.६० पौंड असा कर बसला. त्यातून निघालेल्या निधीने खाणपट्ट्यांतल्या संशोधनाला चांगला हात दिला, पण तो निधी २०११ मध्ये बंद झाला.

आणि अहवाल. दरवर्षी शेकडो चाचण्यांचे अहवाल निघतात. ते पुस्तक म्हणून छापले जात नाहीत आणि काउंटीच्या कपाटात जातात. प्रागैतिहासाचे अभ्यासक रिचर्ड ब्रॅडली यांनी पथकांच्या कचेऱ्या हिंडून हे अप्रकाशित अहवाल वाचले आणि त्यांच्या आधारे ब्रिटन व आयर्लंडच्या प्रागैतिहासाचा ग्रंथ २००७ मध्ये लिहिला. स्मारकांभोवती फिरणारा जुना इतिहास त्यात मागे पडला, आणि सामान्य शेतकऱ्यांची घरे, बांध, विहिरी पुढे आल्या. २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. असे हजारो अहवाल आता यॉर्क विद्यापीठातल्या पुरातत्त्व माहिती सेवेच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि ज्या चरांत काहीच मिळाले नाही त्यांचीही नोंद त्यांत असते.